घरच्या घरी पत्र्याचा ब्रॅकेट : आडवा नको, उभा धरा

दोन पावसाळ्यांपूर्वी बेळगावातल्या आमच्या वडगावच्या घरात स्वयंपाकघरातली एक फळी खाली आली. तिच्या आधाराला मीच पत्र्याच्या दोन एल पट्ट्या वाकवून लावल्या होत्या, सोळा गेज जाडीच्या, ३० मिमी रुंद. लावल्या तेव्हा चांगल्या भक्कम वाटल्या. पट्ट्या तुटल्या नाहीत, स्क्रूही निघाले नाहीत. कोपरा तेवढा रोज थोडा थोडा उघडत गेला, फळी पुढे झुकली आणि एका रात्री लोणच्याची बरणी घसरून फरशीवर.

बाबा उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत, फिटर होते. सकाळी त्यांनी ती उघडलेली पट्टी हातात घेतली, अंगठ्याने कोपरा दाबून पाहिला आणि म्हणाले, "हे काय करायलास रे? पत्रा आडवा घालून त्याच्याकडून वजन तोलून घ्यायलास. उभा धर की."

या लेखात आहे ते सगळं त्या एका वाक्यातून निघालेलं आहे. जुनं पोस्टकार्ड एका टोकाला धरून आडवं ठेवा, दुसरं टोक लोंबतं. तेच उभ्या कडेवर धरा, जराही वाकत नाही. पत्र्याचं तसंच. माझ्या पट्टीचा नंतर हिशेब केला : ३० मिमी रुंद, १.६ मिमी जाड पट्टी, वजन भिंतीपासून ७५ मिमीवर. साडेचार किलोच्या आतच ती कायमची वाकायला लागते. फळीवर तर डबे आणि बरण्या मिळून वीस किलोच्या पुढे माल होता. जाडी दुप्पट केली तर ताकद चौपट होते हे खरं, पण तीन मिमीचा पत्रा हाताने वाकवणं म्हणजे खांद्याची परीक्षा. त्यापेक्षा पातळच पत्रा घ्यायचा आणि घडीने त्याला उभा करायचा. परसातल्या न्हाणीवरचा पन्हाळी पत्रा तेच करतो. सपाट असता तर पहिल्या पावसाला पाण्याच्या भाराने झोळी झाली असती.

कसला ब्रॅकेट

आपण करणार तो तिकोनी ब्रॅकेट. मधे पत्र्याचा उभा त्रिकोण आणि त्याच्या काटकोनातल्या दोन्ही बाजूंना काटकोनात वळवलेली एकेक अरुंद पट्टी. एक पट्टी भिंतीला टेकते, दुसरीवर फळी बसते. कारखान्यात या पट्टीला फ्लँज म्हणतात. आमच्या भागात घराघरांत माग होते, त्यामुळे मी त्याला साडीसारखा काठच म्हणतो, आणि मधल्या त्रिकोणाला पोट. वजन सगळं पोटावर येतं आणि पोट उभं आहे.

मापं अशी : भिंतीकडची बाजू १८० मिमी, फळीकडची १५० मिमी, दोन्ही काठ २५ मिमी रुंद. २०० मिमी रुंदीच्या फळीला हे पुरतं. भिंतीकडची बाजू मुद्दाम लांब ठेवलीय. वजन फळीला खाली ओढतं तेव्हा वरचा स्क्रू भिंतीतून बाहेर ओढला जातो. एका ब्रॅकेटवर १० किलो, भिंतीपासून १०० मिमीवर, असं धरा. वरचा स्क्रू खालच्या टोकापासून १५० मिमी उंच असेल तर त्यावर सात किलोच्या आत ओढ येते. माझ्या जुन्या पट्टीत ही उंची ३५ मिमी होती, म्हणजे ओढ अठ्ठावीस किलो. तेव्हा स्क्रू टिकले ते नशिबाने, आणि पट्टी आधी वाकली म्हणून.

पत्रा आणायचा तर

सोळा गेज म्हणजे १.६ मिमी, अठरा म्हणजे १.२ आणि वीस म्हणजे साधारण ०.९. आकडा वाढला की पत्रा पातळ होतो; नव्या माणसाचा गोंधळ इथेच होतो. आपल्याला सोळा हवा. हलक्या फळीला, म्हणजे मसाल्याचे डबे किंवा राऊटर ठेवायचा असेल तर, अठरासुद्धा चालेल आणि कापायला निम्म्याने सोपा जाईल.

पूर्ण पत्रा आठ फूट बाय चार फूट येतो. तुम्हाला हवा वहीच्या पानाएवढा, तेव्हा मोठ्या दुकानात जाण्यात अर्थ नाही. फॅब्रिकेशनवाल्याकडे जा. शिअरिंग मशीनवर कापून उरलेल्या पट्ट्या आणि तुकडे त्याच्याकडे कोपऱ्यात पडलेले असतात, ते किलोवर मिळतात. आमच्याकडे उद्यमबागेत, मच्छेकडे, अगदी खानापूर रोडच्या कडेलाही असे शेड आहेत. निपाणी-चिकोडीकडे ट्रॉल्या आणि शेतीची अवजारं करणारे असतात, त्यांच्याकडेही तुकडे मिळतात. मालक "एष्ट बेक्री?" (किती हवंय?) म्हणून कन्नडमध्ये विचारेल आणि तुम्ही मराठीत उत्तर द्याल, व्यवहार कुठे अडत नाही. एका ब्रॅकेटला लागणारा चौकोन साधारण ४४० ग्रॅमचा. दोन करायचे, एक हातचा चुकवायला धरा, शिवाय चाचणीची पट्टी : दीड किलो आणलंत की झालं.

तुकडा खरोखर सोळा गेजचा आहे का, हे जाडी मोजायचं व्हर्नियर नसताना कसं बघायचं? बाबांची युक्ती : १०० मिमी बाय १०० मिमीचा तुकडा किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवायचा. १२५ ग्रॅमच्या आसपास भरला तर १.६ मिमी, ९४ भरला तर १.२, आणि ७८ भरला तर एक मिमी. पोलादाची घनता सगळीकडे तीच, काटा खोटं बोलत नाही.

पत्रा सीआर घ्यावा, म्हणजे गार लाटलेला, गुळगुळीत, करड्या रंगाचा. जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा, त्यावर जस्ताची फुलं दिसतात. तोही चालतो, गंजाला बरा, पण घडीवर जस्ताला बारीक चिरा जातात आणि रंग त्यावर नीट धरत नाही. जीआय कधीही तापवून वाकवू नका, जस्ताचा धूर छातीत गेला तर ताप चढतो. जुन्या कूलरचा किंवा वॉशिंग मशीनचा पत्रा या कामाला घेऊ नका, तो फार पातळ असतो. फुकट मिळतो म्हणून मी एकदा घेतला आणि दोन संध्याकाळी वाया घालवल्या.

हत्यारं

चार इंची बेंच व्हाइस असेल तर निम्मं काम झालं. नसेल तर ४० बाय ४० बाय ५ मिमीच्या लोखंडी अँगलचे दोन तुकडे, एकेक फुटाचे, आणि दोन सी क्लॅम्प. भक्कम टेबलाच्या कडेला पत्रा अँगलमध्ये धरून घट्ट आवळला की तोच तुमचा व्हाइस. अँगल व्हाइस असला तरी लागतील, कारण आपली घडी १८० मिमीची आणि व्हाइसचा जबडा १०० मिमीचा. अँगलच्या ज्या कडेवर पत्रा वळणार ती कड सरळ हवी. रस्त्याकडेच्या भंगारातून आणलेला पिळलेला अँगल पिळलेलीच घडी देणार.

बाकी : हॅकसॉ आणि इंचाला ३२ दातांचं ब्लेड, दहा इंची चपटी कानस आणि एक बारीक हाफ राउंड, सेंटर पंच, साधी हातोडी, गुण्या, स्टीलची पट्टी, टोकदार स्क्रायबर, ड्रिल मशीन आणि ३ व ५ मिमीची बिटं. शिवाय एक लाकडी ठोकळा, वीतभर लांब, सागवान किंवा बाभळीचा. पत्र्याची कात्री घरात असेल तर अठरा गेजपर्यंत वापरा. सोळाला ती चालवायला गेलात तर कात्रीचा खिळा ढिला होतो आणि पत्र्याची कड लाटेसारखी होते.

कातड्याचे हातमोजे पत्रा हाताळताना घाला, ड्रिल चालवताना काढा. फिरत्या बिटात मोज्याचा धागा अडकला तर मागोमाग बोटही जातं. डोळ्यांना चष्मा दोन्ही वेळा.

आधी एक पट्टी वाकवून बघा

लोक हे टाळतात आणि मग ब्रॅकेट दोन मिमी मोठा का झाला म्हणून विचारत बसतात. पत्रा वळतो तेव्हा घडीच्या बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते. त्यामुळे बाहेरून मोजलेल्या दोन बाजूंची बेरीज सपाट पत्र्याच्या लांबीपेक्षा जास्त भरते. किती जास्त, ते जाडीवर आणि कोपरा किती गोल आला त्यावर ठरतं.

त्याच पत्र्याची बरोबर १०० मिमी लांब, वीस-पंचवीस मिमी रुंद पट्टी कापा. मधोमध व्हाइसमध्ये धरून काटकोनात वाकवा. दोन्ही बाजू बाहेरून मोजा. माझ्याकडे बेरीज १०२.४ आली, म्हणजे २.४ मिमी वाढ, पत्र्याच्या जाडीच्या दीडपट. तुमच्या अँगलची कड बोथट असेल तर २.८ किंवा ३ सुद्धा येईल. जो आकडा येईल तो प्रत्येक घडीमागे सपाट मापातून वजा करायचा.

आमच्या हिशेबाने आडवं माप १५० अधिक २५ वजा २.४, म्हणजे १७२.६, उभं १८० अधिक २५ वजा २.४, म्हणजे २०२.६. हाताच्या कामाला १७२.५ आणि २०२.५ धरा.

आता घडीची रेघ कुठे मारायची? व्हाइसमध्ये आपण पोट धरणार आणि काठ वर ठेवून वळवणार. वळलेला काठ जबड्याच्या माथ्यावर झोपतो, म्हणजे पोटाच्या बाहेरच्या मापात पत्र्याची एक जाडी आपोआप वाढते. म्हणून धरायच्या भागाची लांबी बाहेरच्या मापापेक्षा एक जाडी कमी घ्यायची : १८० वजा १.६, साधारण १७८.५. उरले २४. म्हणजे कडेपासून २४ मिमीवर रेघ, आणि ती रेघ जबड्याच्या माथ्याशी बरोबर. दुसऱ्या बाजूलाही तेच. काठ २५ चा भरतो.

आखणी आणि भोकं

पत्र्यावरचं तेल थिनरने पुसा, नाहीतर मार्कर धरत नाही. तुकड्याची एक कड कानशीने सरळ करा, गुण्याने दुसरी तिला काटकोनात करा. पुढची सगळी मापं या दोन कडांपासूनच घ्यायची, मधल्या कुठल्याही रेघेपासून नाही. एका रेघेपासून दुसरी, दुसरीपासून तिसरी असं मोजत गेलात की अर्धा-अर्धा मिमी साठत जाऊन शेवटी भोकच जुळत नाही. स्टीलच्या पट्टीचं टोक झिजलेलं असेल तर दहाच्या आकड्यापासून मोजा, पण शेवटी ते दहा वजा करायला विसरू नका. हे कधीच न विसरलेला फिटर बाबांनी पाहिला नाही म्हणे.

१७२.५ बाय २०२.५ चा आयत आखा. डाव्या कडेपासून २४ मिमीवर उभी रेघ, वरच्या कडेपासून २४ वर आडवी. या झाल्या घडीच्या रेघा. त्या स्क्रायबरने कोरू नका, पेन्सिल किंवा बारीक मार्करने मारा. घडीच्या बाहेरच्या बाजूला ओरखडा राहिला तर चीर तिथूनच सुरू होते. कापायच्या रेघा मात्र स्क्रायबरनेच, ठसठशीत.

वरच्या डाव्या कोपऱ्यातला २४ बाय २४ चा चौकोन काढून टाकायचा आहे, नाहीतर दोन्ही काठ एकमेकांना अडतात. मग त्रिकोणाची तिरकी रेघ : उजव्या कडेवर आडव्या घडीच्या रेघेपासून २० मिमी खाली एक खूण, खालच्या कडेवर उभ्या घडीच्या रेघेपासून २० मिमी उजवीकडे दुसरी, आणि दोन्ही जोडा. टोकं अशी बोथट ठेवली की फळीखाली हात घातल्यावर टोचत नाहीत.

दुसरा ब्रॅकेट आखताना थांबा. एक डावा, एक उजवा. दोघांचे काठ एकमेकांच्या उलट दिशेला वळतात. आखणी एकच, पण एकावर "आत" ही खूण पुढच्या बाजूला करा आणि दुसऱ्यावर मागच्या. मी पहिल्यांदा दोन्ही डावेच केले. लावता येतात, वजनही घेतात, पण फळीखाली बघितलं की एक ब्रॅकेट पाठमोरा उभा दिसतो आणि घरी येणारा प्रत्येक पाहुणा तेच बघतो.

भोकं घडीच्या आधी पाडायची, पत्रा सपाट असतो तोवर. भिंतीच्या काठावर दोन : कडेपासून ११ मिमी आत, वरच्या घडीच्या रेघेपासून ३० मिमी खाली एक आणि १५० मिमी खाली दुसरं. कडेपासून ११ आत म्हणजे पोटापासून पुरेसं लांब, स्क्रूड्रायव्हर पोटाला घासत नाही. फळीच्या काठावरही दोन, कडेपासून ११ आत, उभ्या घडीपासून ३० आणि ११० वर. पाचवं भोक दोन्ही घडीच्या रेघा छेदतात बरोबर तिथे. ते कोपऱ्याला मोकळीक देतं. ते नसेल तर दोन घड्यांचा ताण एका बिंदूवर येऊन पत्रा तिथे फाटतो.

प्रत्येक जागी पंच उभा धरून एक ठोका, आधी हलका. जागा बरोबर असेल तर दुसरा जोरात. पत्रा लाकडी फळकुटावर ठेवून दोन बाजूंनी क्लॅम्प करा. हातात धरून पत्र्याला ड्रिल करू नका, कितीही लहान भोक असलं तरी. बिट खालून बाहेर पडताना पत्र्यात अडकतं आणि पत्रा पंख्याच्या पात्यासारखा फिरतो, आणि कापायला त्याच्यासारखी धार नाही. आधी ३ मिमी, मग ५. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, वेग मध्यम, आणि बिट बाहेर पडायच्या वेळी दाब सैल. भोक पडल्यावर दहा-बारा मिमीचं मोठं बिट नुसतं बोटांनी दोन्ही बाजूंनी दोन-दोन वेळा फिरवा, भोकाची बर, म्हणजे कडेला राहिलेली धारदार कणी, निघून जाते.

कापणं आणि कानस

हॅकसॉचं ब्लेड दात पुढे करून घट्ट ताणा. बोटाने टिचकी मारल्यावर टणकन वाजलं पाहिजे. कापताना एका वेळी निदान दोन-तीन दात पत्र्यावर टेकलेले हवेत. १.६ मिमीच्या कडेवर सरळ उभं कापलं तर ३२ चं ब्लेडही जेमतेम दोन दात टेकवतं, मग दात अडकतात आणि मोडतात. म्हणून ब्लेड तिरपं, पत्र्याला बरंच झोपवून चालवा, म्हणजे ते जास्त लांबीवर कापतं. किंवा पत्र्याच्या दोन्ही बाजूंना पातळ प्लायवूड लावून तिन्ही एकत्र कापा. मला दुसरं जास्त आवडतं, कड स्वच्छ येते आणि किंचाळल्यासारखा आवाजही होत नाही. मिनिटाला चाळीस-पन्नास वेळा, पुढे जाताना दाब, मागे येताना सैल.

रेघेच्या बाहेर अर्धा मिमी सोडून कापा. कोपऱ्यातला चौकोन काढताना दोन्ही काप त्या ५ मिमीच्या भोकात येऊन मिळतात, जास्त आत जायची भीती नाही. तिरका काप दोनशे मिमीच्या वर जातो आणि हॅकसॉची चौकट मधे अडते. दोन्ही टोकांकडून कापत या. मधे बोटभर राहील, ते व्हाइसमध्ये रेघ जबड्याशी बरोबर धरून छिन्नीने काढा. छिन्नी पत्र्याला तिरपी आणि जबड्याला टेकवून धरायची, हलके हलके ठोके. ही आयटीआयच्या पहिल्या वर्षाची कसरत आहे, दोन टाकाऊ तुकड्यांवर हात बसवून घ्या.

कानस फक्त पुढे जाताना कापते, मागे ओढताना उचला. कानशीवर फळ्यावरचा खडू घासला की लोखंडाचा कीस दातात अडकत नाही. रेघेपर्यंत आलात की दोन्ही बाजूंच्या कडांवरून कानस तिरपी, एकदाच, हलकी फिरवा, धार मरते. धार राहिली का ते बोटाने बघू नका. कापसाचा बोळा किंवा जुना मोजा कडेवरून फिरवा. धागा जिथे अडकला तिथे अजून बर आहे.

घडी

पोट दोन अँगलमध्ये, रेघ अँगलच्या माथ्याशी काटेकोर, आणि सगळं व्हाइसमध्ये. गुण्याने तपासा की रेघ दोन्ही टोकांना सारखी दिसते. व्हाइस आवळताना पत्रा हमखास थोडा सरकतो, तेव्हा अर्धा आवळून पुन्हा बघा, मग पूर्ण.

पहिली घडी लांब बाजूची, म्हणजे भिंतीचा काठ. हातोडी थेट पत्र्यावर नको, तिचे खड्डे रंगाखालूनही दिसतात. लाकडी ठोकळा काठाला टेकवा, आधी हाताच्या दाबाने पूर्ण लांबीभर थोडा कलवा. मग ठोकळ्यावर हातोडी, घडीच्या जितकं जवळ होईल तितकं. काठाच्या टोकावर मारलं तर काठ धनुष्यासारखा वाकतो आणि घडी गोल होते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत थोडं थोडं, पुन्हा पहिल्यापासून. चार-पाच फेऱ्यांत काटकोनापर्यंत या. एकाच जागी पूर्ण वळवून मग पुढे गेलात तर काठाला लाट येते आणि ती पुढे निघत नाही.

काटकोनाला आल्यावर पत्रा एक-दोन अंश परत उघडतो, त्याचा स्वभावच तो. म्हणून किंचित जास्त वळवायचा. जास्तच वळला तर ठोकळ्याने उघडा, पण अगदी थोडं. वळवणं आणि उघडणं पुन्हा पुन्हा केलं की पत्रा त्या रेघेवर कडक होतो आणि तुटतो, तार मागे-पुढे वाकवून तोडतो तसा. बाहेरच्या बाजूला केसाएवढी चीर दिसली तर तो तुकडा बाजूला ठेवा. पत्रा लाटताना त्याला एक दिशा येते. घडी त्या दिशेला आडवी आली तर चिरा कमी पडतात. सीआर पत्र्यावर बारीक समांतर रेघांवरून ती दिशा ओळखू येते. आपल्या ब्रॅकेटला दोन दिशांच्या घड्या आहेत, एक तरी प्रतिकूल येणारच. मऊ पत्र्याला ते सोसतं, कडक ॲल्युमिनियमला नाही.

दुसऱ्या घडीच्या वेळी एक अडचण येते. पहिला काठ आता एका बाजूला उभा आहे आणि दुसराही त्याच बाजूला वळायचा. त्या बाजूचा अँगल पहिल्या काठाच्या आत मावला पाहिजे. अँगलचं कापलेलं टोक पहिल्या काठाच्या आतल्या अंगाला टेकवा, बाकीचा अँगल दुसऱ्या टोकाकडून बाहेर जाऊ द्या. पलीकडचा अँगल कसाही चालेल. वळलेला काठ व्हाइसच्या जबड्याबाहेर राहील असं धरा, नाहीतर आवळताना चेपतो. बाकी सगळं पहिल्यासारखंच. पहिल्यांदा मी हा अँगल बाहेरच ठेवला आणि अर्धा तास विचार करत बसलो की पत्रा आत का जात नाही. बाबा पायरीवर चहा पीत बघत होते, बोलले काही नाहीत.

दोन्ही घड्या झाल्या की ब्रॅकेट टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवा, एक काठ वर आणि एक बाजूला. डुगडुगत असेल तर कुठला काठ अंशभर उघडा आहे ते लगेच कळतं.

गंज

जुलैमध्ये आमच्याकडे उघडा सीआर पत्रा एका रात्रीत तांबूस होतो, आणि घाटाकडच्या जांबोटी-कणकुंबीला तर संध्याकाळपर्यंतही थांबत नाही. काम अर्धवट सोडायचं असेल तर तेलाचं बोट फिरवून कागदात गुंडाळून ठेवा. रंगाच्या आधी १२० नंबरचा एमरी पेपर, मग थिनर, आणि त्यानंतर पत्र्याला उघड्या हाताने शिवायचं नाही. घामाचा ठसा रंगाखालून गंजत वर येतो. रेड ऑक्साइड प्रायमरचा एक हात, कडांना आणि भोकांच्या आत ब्रशने वेगळा. तो पूर्ण वाळल्यावर ऑइल पेंटचे दोन पातळ हात. पावसात उघडीप बघूनच करा, दमट हवेत पेंट दोन दोन दिवस चिकट राहतो.

भिंतीवर

विटेची भिंत असेल तर ८ मिमीचा प्लग आणि आठ नंबरचा ५० मिमी स्क्रू. आमच्याकडच्या जुन्या घरांत चिऱ्याची भिंत असते, वर मातीचा नाहीतर चुन्याचा गिलावा. चिरा मऊ आणि भोकाभोकांचा. ठोके देणाऱ्या हॅमर मोडवर ड्रिल घातलं तर भोक विहिरीएवढं होतं. हॅमर बंद करून हळू पाडा, गिलाव्याची जाडी सोडून चिऱ्यात निदान ४० मिमी आत गेलं पाहिजे. गिलावा जाड असेल तर स्क्रू ६५ किंवा ७५ चा घ्या. प्लग आत फिरायला लागला तर तो काढून भोक थोडं मोठं करा आणि लाकडी गिट्टी ठोका, जुने सुतार करायचे तशी.

दोन्ही ब्रॅकेटची उंची एक करायला पारदर्शक नळीत पाणी भरा, गवंडी करतात तसं. दोन टोकांना पाणी जिथे थांबतं तिथे खुणा. एका ब्रॅकेटचा वरचा स्क्रू आधी, मग गुण्या लावून खालचा. फळीचे स्क्रू फळीच्या जाडीपेक्षा चार-पाच मिमी आखूड हवेत.

डबे लगेच चढवू नका. दहा लिटरची पाण्याने भरलेली बादली फळीच्या मधोमध ठेवा, शेजारी दुसरी. वीस किलो, आणि वर बादल्यांचं वजन. ब्रॅकेटच्या पुढच्या टोकापासून ओट्यापर्यंतचं अंतर पट्टीने मोजून भिंतीवर पेन्सिलीने लिहा आणि सकाळी पुन्हा मोजा. माझ्याकडे रात्री ६१२ होतं, सकाळी ६१२. आईने तो पेन्सिलीचा आकडा अजून पुसू दिलेला नाही. लोणच्याची बरणी मात्र ती खालच्या कपाटातच ठेवते.